लेखांक ६ : चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक

डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की आपण औषधांची नावं लावायला धडपडतो. आज नजर जरा वर न्यायची आहे. डॉक्टरांच्या नावाजवळ बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक छापलेला असतो. दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवरही तो असलाच पाहिजे, असं वैद्यकीय आचारसंहितेचे २००२चे नियम सांगतात. पाटीवर पदव्या कुणीही रंगवून घेईल. क्रमांक मात्र पडताळून पाहता येतो.

तो कुठे पडताळायचा, हे डॉक्टर कोणत्या पॅथीचे आहेत त्यावर ठरतं. अ‍ॅलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेदासाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. होमिओपॅथीची आणि दंतवैद्यकाची परिषद वेगळी. डॉक्टर दुसऱ्या राज्यातून आले असतील तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या देशव्यापी नोंदवहीत नाव शोधावं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या अलीकडच्या क्रमांकात आधी वर्ष, मग महिना आणि शेवटी अनुक्रमांक असतो, म्हणजे नोंदणी कधी झाली ते क्रमांकावरूनच कळतं. जुन्या डॉक्टरांचे क्रमांक नुसते आकड्यांचे असतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘एम. डी.’ या दोन अक्षरांनी. एमबीबीएसनंतर तीन वर्षं मेडिसिन शिकलेले एम. डी. असतात, आयुर्वेदात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले एम. डी. असतात, होमिओपॅथीतलेही असतात. रशियासारख्या देशांतून ‘एम. डी. फिजिशियन’ होऊन आलेल्यांची ती पदवी तर आपल्याकडे एमबीबीएसच्या बरोबरीची धरली जाते. यांतलं कुणी खोटं नाही. पण हृदयविकारासाठी तज्ज्ञ शोधताना हा फरक माहीत असायलाच हवा, आणि तो पाटीवर दिसत नाही. नोंदवहीत मूळ पदवी, विद्यापीठ, वर्ष आणि नंतर नोंदवलेली जादा अर्हता पाहिली की उलगडा होतो. होमिओपॅथीची पदविका असलेल्या मुंबईतल्या एका डॉक्टरांनी रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्याला सरळ निष्काळजीपणा ठरवलं. माणूस गेल्यावर निकाल मिळण्यापेक्षा आधीच पाच मिनिटं शोधलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं.

नोंदणीची मुदतही पाहा. आपल्याकडे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी डॉक्टरांना परिषदा-कार्यशाळांतून ठरावीक क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात.

नाव सापडलं नाही म्हणून लगेच कुणाला बोगस ठरवू नका. लग्नानंतर आडनाव बदललेल्या कित्येक डॉक्टरबाईंची नोंद माहेरच्या नावाने असते. इंग्रजी स्पेलिंग बदलून, आडनाव आधी घालून शोधा. क्रमांकाने शोधणं सगळ्यात खात्रीचं. तरीही काहीच मिळालं नाही तर दवाखान्यात सरळ विचारा. नोंदणीकृत डॉक्टरांना यात लपवण्यासारखं काही नसतं. उत्तर टाळलं गेलं, तर गावात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी अर्ज द्या. नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणं हा महाराष्ट्रात १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे.

या नोंदवहीतून डॉक्टरांचा हात किती कसलेला आहे ते मात्र कळत नाही. त्यांच्यावर ग्राहक आयोगात दावे झाले असतील तर ते वेगळे शोधावे लागतात. ते कसे, हे पुढच्या लेखांकात.