परिचर्या : करुणा आणि प्रज्ञा

"पुढे काय होणार?" असे आपल्या मुलामुलींना विचारले, की डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर अशी उत्तरे येतात. "मी नर्स होणार" असे एखादीने म्हटले, तर घरातील वडीलधारी गप्प होतात. रात्रपाळी, परक्यांचे मलमूत्र, उद्या लग्नाचे कसे, अशा शंका निघतात. म्हणून या सेवेकडे माणूस कशामुळे वळतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

बहुधा पहिली प्रेरणा घरातील आजारपणातून मिळते. डॉक्टर तपासून जातात. पण रात्रभर खाटेजवळ येणारी, सलाईन पाहणारी, धीर देणारी सिस्टर मनात राहते. ही करुणा होय. मात्र नुसत्या करुणेवर हे काम निभत नाही.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः स्वच्छ केले. तेथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्र-वांतीची किळस न बाळगणे आणि धम्मकथेने रुग्णाला धीर देणे. यातील पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. करुणेला प्रज्ञेची जोड हवी, ती अशी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांच्या सेवेला गेल्या. तेथे जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक मरत होते. त्यांनी आकडेवारी मांडून स्वच्छतेचे महत्त्व सरकारला पटवले व १८६० साली लंडनमध्ये परिचारिकांचे विद्यालय काढले. आजची परिचारिकाही नाडी, श्वास, रक्तदाब यांची नोंद ठेवते आणि बिघाड दिसताच डॉक्टरांना सावध करते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस वेळेवर बदलणे हेही शास्त्रच आहे. त्याने पाठीला जखमा होत नाहीत.

आपल्या माणसांच्या मनात आणखी एक सल आहे. घाण उपसण्याचे काम जातीने आपल्यावर लादले. मग शिकूनही तेच का करायचे? प्रश्न रास्त आहे. परंतु लादलेले काम आणि स्वतः निवडलेली, शिक्षण, वेतन व नोंदणी असलेली सेवा यांत मोठे अंतर आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च रोजी गेल्या. त्या कामाला कोण हलके म्हणेल?

ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांच्यासाठी ए.एन.एम. हा २ वर्षांचा, जी.एन.एम. हा ३ वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग हा ४ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय हवेत. मुलांनाही ही वाट खुली आहे. फी भरण्यापूर्वी संस्थेला राज्य परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे अवश्य पाहावे. अन्यथा वर्षे व पैसा दोन्ही वाया जातात.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे, की मुलीने नर्स होण्याची इच्छा सांगितली, तर गप्प बसू नका. तिला कारण विचारा आणि तिचे उत्तर ऐकून घ्या.