मिठाच्या पोटातील पेव

ज्वारीचे पेव आमच्या अनेक वाचकांच्या घरच्या आठवणीत असेल. भुईखाली धान्य भरून तोंड लिंपावे आणि उघडल्यावर आतील कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणास उतरू देऊ नये, हा वडीलधाऱ्यांचा दंडक. अमेरिकेत मिठाच्या थरात अशीच पेवे करून त्यांत खनिज तेल व इंधनवायू साठवितात, हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस नवल वाटले.

ही पेवे खोदीत नाहीत, विरघळवितात. भूगर्भातील मिठापर्यंत विंधणविहीर नेऊन गोडे पाणी सोडावयाचे आणि खारे पाणी वर काढावयाचे. जेवढी पोकळी हवी, तिच्या सात-आठ पट पाणी लागते. खोलवरील दाबाखाली मीठ किंचित लवते. त्यामुळे बारीक भेगा आपोआप बुजतात. १९७३ च्या तेलटंचाईने पोळलेल्या अमेरिकेने १९७५ साली कायदा करून टेक्सास व लुइझियाना राज्यांत आपला राखीव तेलसाठा अशाच गुहांत ठेवावयाचे ठरविले. तेल हवे असेल तेव्हा तळाशी पाणी सोडतात. हलके तेल वर येते.

मग धोका कोठे? कॅन्सस राज्यातील हचिन्सन शहराने तो अनुभवला. १७ जानेवारी २००१ रोजी भर वस्तीत अकस्मात स्फोट झाला. दुसऱ्या दिवशीच्या स्फोटात दोघांचा बळी गेला. सुमारे ११ किलोमीटर दूरच्या वायुसाठ्यातील एका विहिरीची नळी फुटली होती. निसटलेला वायू खडकाच्या भेगाळ थरातून शहराखाली आला आणि जुन्या मीठ-व्यवसायाच्या विस्मृत विहिरींतून वर उसळला. १८८७ साली तेथे मीठ सापडल्यापासून किती विहिरी घेतल्या व सोडून दिल्या, त्यांची नीट नोंदच राहिली नव्हती.

मिठाने दगा दिला नाही. खाल्ल्या मिठाला माणूस जागला नाही, असेच आम्हांस वाटते. आपल्या देशाचे राखीव तेल विशाखापट्टण, मंगळूर व पादूर येथे कठीण खडकातील गुहांत आहे. साठा मिठात असो वा खडकात, पेवाचे तोंड कोठे आहे हे पुढच्या पिढीस दाखवून ठेवणे, हा वडिलांचा आणखी एक दंडक होता. तो आजही जुना झालेला नाही.