तळ्याचा खार

सन 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारचे विवर शोधून काढले, असे पुस्तकांतून छापलेले असते. वाचले की मला हसू येते. त्याच्या पूर्वी शेकडो वर्षे लोणारात दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ उभे होते, अकबराच्या कारकीर्दीतल्या ‘आइने अकबरी’त या तळ्याची नोंद झालेली होती, आणि काठच्या बायका-माणसांना तर ते रोज दिसतच होते! पण साहेबाने पाहिले म्हणजे शोध लागला. असो. मलाही एक शोध असाच लागला. जे दुसऱ्या कुणाला साठ-सत्तर वर्षे ठाऊक होते, ते मला एका रात्री कळले.

माझे सासर दुसरबीडचे. जालन्याहून मेहकरकडे जाऊ लागले की आधी जिजाऊंचे सिंदखेडराजा लागते, आणि मग थोड्या वेळाने आमचे गाव. आम्ही राहतो डोंबिवलीला. घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकट्याच असतात. वय ब्याऐंशी. गेल्या उन्हाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजवा हात मोडला. मी महिनाभर रजा काढून गेले. हाताचे दुखणे बरे होण्यासारखे होते. काळजी निराळीच होती. सकाळी चहा घेतला की नाही, हे त्यांना दुपारी आठवेना. मुलाच्या नावाने नातवाला हाक मारू लागल्या. आणि वर एकच घोर, “पापडाचं काय?”

वैशाखातले उडदाचे पापड त्यांनी एकाही वर्षी चुकवले नव्हते. आमच्या घरात त्या पापडांचा लौकिक होता. पण खरे सांगते, मला ते अळणी वाटत. वीस वर्षे मी डोंबिवलीला डबा आणून गुपचूप वर मीठ-तिखट भुरभुरवीत आले. शिवाय त्यांची आणखी एक तऱ्हा. वाण्याकडचा स्वच्छ पांढरा पापडखार पाण्यात उकळायचा, मग रात्रभर तसाच ठेवायचा, आणि सकाळी वरची निवळी तेवढी हलक्या हाताने ओतून घ्यायची. खाली गाळ म्हणावा तर काहीच नसे! तरी तळाचे दोन घोट पाणी त्या मोरीत फेकीत. विचारले तर म्हणत, “तळ्याचा खार हाय, निवळावा लागतो.” आम्ही एकमेकांकडे बघून हसत असू.

त्यांनी खाटेवरून सांगायचे आणि मी करायचे, असे ठरले. पहिला घाणा साफ फसला. निवळीबिवळीचा उद्योग मी टाळला आणि खारही अंदाजाने जास्तच घातला. पापड तळले तर लालभडक झाले आणि तोंडात साबणाची चव आली. उडदाच्या पिठात क्षार नेमका पडला तरच पापड हलका होऊन फुलतो. हात सैल सुटला की त्याचा असा सूड उगवतो. मी घरून ‘रुचिरा’ नेले होते. कमलाबाई ओगल्यांचे ते पुस्तक 1970 सालचे, माझ्या आईचे, हळदीचे डाग पडलेले. पण पुस्तकात काही आत्याबाईंचा हात नव्हता.

त्या रात्री वीज गेलेली. उकाड्याने झोप येईना, म्हणून मोबाईलवर पापडखाराची माहिती चाळीत बसले. चाळता चाळता लोणारवर येऊन थबकले. या तळ्याचे पाणी अतिशय क्षारयुक्त. उन्हाळ्यात ते आटले की काठावर सोडा आणि मीठ मिळून थर धरत. जुन्या इंग्रजी नोंदींत त्या क्षारांची नावेच दिली आहेत: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. साबण, काच, बांगड्या अशा उद्योगांसाठी लोणारचा खार पूर्वी गोळा केला जाई. ‘निमक’ हा शब्द वाचला आणि मी उठून बसले. आत्याबाईंचे माहेर लोणारजवळच्याच खेड्यातले!

सकाळी त्यांना चहा देताना मी सहज म्हटले, “आत्याबाई, दल्ला म्हणजे काय हो?”

क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग जी मुद्रा उजळली! “दल्ला, खुप्पल, भुसकी...” मी दोन नावे मुद्दाम गाळली होती, ती त्यांनी भरली. त्यांची आई गाडग्यात तो खार ठेवी. त्यात चिखल असे, म्हणून रात्रभर निवळायचा. “आन् त्यात मीठ असतंच की बाई, वरून कशाला घालायचं?”

म्हणजे सगळा उलगडा झाला. वाण्याचा खार येऊन किती वर्षे लोटली, पण हात आईच्या गाडग्यालाच धरून राहिला होता. खारात मीठ आहे, या हिशेबाने त्या मीठ बेताने घालीत होत्या. ते मीठ केव्हाच गेले होते. आणि मी वीस वर्षे मनातल्या मनात त्यांना नावे ठेवीत होते.

आता तो खार मिळायचा नाही. लोणार हे अभयारण्य आहे, 2020 सालापासून रामसर यादीतही आहे. तिथला खडादेखील उचलू नये. त्याच साली जूनमध्ये तळे गुलाबी झाले होते, ते अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले की, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. आत्याबाईंना मी चित्र दाखवले. त्या म्हणाल्या, “बाई! तळ्यानं शालू नेसला का?”

दुसऱ्या घाण्याला मी खार उकळला, रात्रभर ठेवला, निवळी ओतली आणि तळाचे दोन घोट मोरीत फेकले. फेकताना हसले नाही. मीठ मात्र माझ्या मापाने घातले. हिंग-मिरी घालून पीठ घट्ट भिजवले, तेलाचा हात लावून वरवंट्याने कुटले, शेजारच्या दोघी लाटायला आल्या. संध्याकाळी पहिला पापड भाजून आत्याबाईंच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तुकडा मोडला, सावकाश चघळला.

“खारट झालाय,” त्या म्हणाल्या.

ह्यांना मात्र तेच पापड फार आवडले. तेव्हा मी उरलेल्या पिठाचे दोन भाग केले. मोठा डबा डोंबिवलीला आणला. लहान डब्यावर खडूने ‘आत्याबाई’ असे लिहून तो दुसरबीडच्या फडताळात ठेवला आहे. त्यातले पापड अळणी आहेत.