मनगटावरचा घाम

एम्पॅटिका कंपनीचा ई४ हा पट्टा घड्याळासारखा मनगटावर चढतो, पण त्याला पडदाच नाही. एक बटण, एक बारीक दिवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकणारे दोन इलेक्ट्रोड, बस्स. ताण आला की दरदरून घाम फुटण्याच्या कितीतरी आधी त्वचेची विद्युतवाहकता वाढू लागते. ई४ ती सेकंदाला ४ वेळा मोजतो आणि प्रकाशाच्या साहाय्याने नाडी ६४ वेळा टिपतो.

वैद्यकीय सरावात हा पट्टा शिकणाऱ्यांचा ताण टिपायला वापरतात. बाहुलीवर जीव वाचवायला शिकवणं जुनंच. नॉर्वेतले खेळणी बनवणारे ओस्मुंड लेर्डाल यांची ‘रेसुसी ॲन’ १९६० सालची. १९८०च्या दशकात स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी वैमानिकांच्या प्रशिक्षणापासून धडे घेतले आणि ऑपरेशन थिएटरमधला आणीबाणीचा प्रसंगच शिकणाऱ्यांपुढे उभा केला. हात सरावले, पण ऐन वेळी हातपाय गळाले तर? हे जोखायला प्रश्नावल्या होत्या, लाळेतलं कॉर्टिसॉल होतं. पण कॉर्टिसॉल चढायला वीसेक मिनिटं जातात. ताण नेमका कधी आला, ते त्यावरून सांगता येत नाही. त्वचा एक ते तीन सेकंदांतच प्रतिसाद देते.

पट्ट्याची खरी परीक्षा सीपीआरच्या वेळी. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबताना मनगट हलतं, इलेक्ट्रोड सरकतात, नाडीचा आलेख विस्कटतो. शिवाय श्रमानेही नाडी वाढते आणि घाम येतो. म्हणून हालचाल मोजणारा सेन्सरही पट्ट्यातच बसवलेला असतो. गडबडीचा भाग त्यावरून वेगळा काढतात. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सूचना देणाऱ्या टीम लीडरचा आलेख त्या मानाने स्वच्छ मिळतो.

तरी अंग का तापलं, हे पट्टा सांगत नाही. भीती, उत्साह, चीड, सगळ्यांची रेघ सारखीच चढते. खरं काम सरावानंतरच्या चर्चेत, म्हणजे डीब्रीफिंगमध्ये होतं. व्हिडिओ आणि आलेख एकाच वेळेवर जुळवून लावतात. समजा, रेघ बाहुलीचं हृदय बंद पडलं तेव्हा नव्हे, तर नातेवाइकाची भूमिका करणारी बाई ‘डॉक्टर, माझा मुलगा वाचेल ना?’ म्हणाली तेव्हा चढली. मग औषधाच्या डोसापेक्षा नातेवाइकांशी बोलण्याचा सराव जास्त हवा, हे विद्यार्थ्याला स्वतःलाच उमगतं.

कुणाची त्वचा मुळात कोरडी, कुणाला घाम लवकर येतो. त्यामुळे प्रत्येकाचा आलेख त्याच्याच शांत बसलेल्या वेळच्या नोंदीशी ताडायचा असतो, शेजाऱ्याशी नव्हे. त्यावर गुण देणं म्हणजे घर्मग्रंथींना गुण देणं.