आम्लपित्ताआडचा विषाद

रुग्ण पुरुष, वय 46, व्यवसाय शेती, तालुका कळंब. प्रमुख वेदना : छातीत जळजळ, अग्निमांद्य, अंगमर्द, पहाटे तीन वाजता जाग येऊन पुन्हा झोप न लागणे. आम्ही आम्लपित्ताचे निदान करून कामदुधा, अविपत्तिकर चूर्ण व पथ्य दिले. दीड महिन्यात जळजळ शमली. झोप मात्र आली नाही. चौथ्या खेपेस पत्नी सोबत आली. रुग्ण पुड्या घेण्यास बाहेर जाताच ती हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्यांचं कशातच मन लागंना. फवारणीच्या औषधाचा डबा मी शेजारी नेऊन ठेवलाय." दीड महिना आम्ही नाडी, जिव्हा, मल, मूत्र सर्व पाहिले. मनाविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता.

असे रुग्ण आपणा सर्वांच्याच दवाखान्यात येतात, परंतु ते मनाची तक्रार घेऊन येत नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात 34,802 प्रौढांच्या मुलाखती झाल्या. सुमारे 10 टक्के प्रौढांत विषाद, चिंता व तत्सम सामान्य मनोविकार आढळले आणि त्यांपैकी 85 टक्के लोकांना कोणताही उपचार मिळत नव्हता. या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही आपल्या जिल्ह्याची स्थिती त्याहून बरी असावी असे मानण्यास आम्हास आधार दिसत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपातून वाचलेल्यांच्या तपासणीचा अहवाल 1996 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री या नियतकालिकात आला. त्यात 59 टक्के व्यक्तींत मनोविकार आढळले होते व स्त्रियांत त्यांचे प्रमाण अधिक होते. शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 साली शासनाने 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातही आपला जिल्हा आहे.

उपचाराविषयीचे सर्वात उद्बोधक काम आपल्या शेजारी गोव्यात झाले. 'संगाथ' संस्थेच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 'मानस' प्रयोगात 12 शासकीय केंद्रे व 12 खासगी दवाखाने घेतले होते. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांची जोड मिळाली तेव्हा शासकीय केंद्रांतील 65.9 टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. जोड नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण 42.5 टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. घराण्याची माहिती असलेला, वेळ देऊन ऐकणारा डॉक्टर मुळातच समुपदेशकाचे काम करीत असावा, असा आमचा तर्क आहे. तो खरा असेल तर आपल्यासारख्या व्यावसायिकांची जबाबदारी वाढते. पुढे 2017 मध्ये त्याच संस्थेने तीव्र विषादाच्या रुग्णांवर सहा ते आठ बैठकींचा उपचार तपासला. त्यात रुग्णास पूर्वी आवडणाऱ्या कामांकडे हळूहळू परत नेले जाते.

चरकाचार्यांनी विषादाची गणना ऐंशी वातविकारांत केली, विमानस्थानात चित्तोद्वेग सांगितला आणि दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सत्त्वावजय हा चिकित्साप्रकार मानला. परंतु 'हे आमच्याकडे आधीच होते' एवढ्यावर समाधान मानणे आम्हास पटत नाही. आमच्याकडे सूत्र होते. गोव्यात त्यांनी मोजून दाखविले.

औषधालयांच्या मालकांना येथे एक विनंती. 'झोपेची आयुर्वेदिक गोळी द्या' असे म्हणणाऱ्या ग्राहकास सर्पगंधायुक्त कल्प सहज दिला जातो. कलकत्त्याचे सेन व बोस यांनी 1931 मध्ये आणि मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये या वनस्पतीची रक्तदाबावरील उपयुक्तता जगापुढे मांडली, हे आपणास भूषणावह आहे. मात्र तिच्यातील रेसर्पिनमुळे विषाद उद्भवल्याच्या नोंदी 1950 च्या दशकापासून आहेत. पुढील संशोधकांत याविषयी मतभेद असले, तरी उदास दिसणाऱ्या माणसास ही गोळी वैद्याच्या पत्राशिवाय देऊ नये. तसेच मनोविकारतज्ज्ञाच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकाएकी बंद करण्याचा सल्ला काउंटरवरून कधीही दिला जाऊ नये.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 (अंमल 29 मे 2018 पासून) याने मनोविज्ञान व मानसरोग विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यास मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. आम्ही बीएएमएस, ती मान्यता आम्हास नाही. विचारणे, ओळखणे आणि वेळेवर पाठविणे मात्र आमच्या हाती आहे. आता निद्रानाश किंवा जुनाट अंगदुखीच्या प्रत्येक रुग्णास आम्ही दोन प्रश्न विचारतो : गेल्या पंधरा दिवसांत मन उदास राहते का, आणि पूर्वी आवडणाऱ्या कामात गोडी वाटते का. उत्तर काळजीचे असल्यास 'जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का' हेही स्पष्ट विचारतो. असे विचारल्याने ती कल्पना मनात भरते, ही समजूत खोटी आहे. रुग्ण बहुधा मोकळाच होतो. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तो आम्ही पुडीवरच लिहून देतो.

कळंबच्या त्या रुग्णास आम्ही त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे स्वतः घेऊन गेलो. त्यांच्या गोळ्या चालू आहेत, आमचे अभ्यंग व दिनचर्याही चालू आहे. गेल्या खेपेस त्यांनी हरभऱ्याच्या पेरणीचा विषय आपणहून काढला. फवारणीचा डबा अजून शेजाऱ्यांकडेच आहे.