दुखण्याआधींची तपासणी

श्रोतेहो, आजचा विषय जरा नाजूक आहे. परंतु नाजूक म्हणून तो टाळला, तर त्याची किंमत घरांतील स्त्रियांस मोजावी लागते. कर्करोगाची तपासणी दुखणें उद्भवण्यापूर्वींच करावयाची असते. तरीही अशा तपासणीकडे पुष्कळ स्त्रिया पाठ फिरवितात, आणि त्यांत आपल्या कित्येक मुसलमान भगिनीही असतात. यांत धर्माचा अडसर किती व व्यवस्थेचा किती, हें आज पाहूं.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका दिवसांत होत नाहीं. ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षें टिकून राहिला, म्हणजे तेथील पेशी हळूहळू बिघडूं लागतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बिघाडापासून कर्करोगापर्यंत बहुधा १० वर्षें किंवा त्याहूनही अधिक काळ जातो, आणि एवढ्या अवधींत शरीर सहसा कसलीच तक्रार करीत नाहीं. हा अवधि हीच आपली संधि होय.

ती साधण्याची एक रीत अगदीं साधी आहे. शिरक्यांत जें आम्ल असतें, तेंच पातळ करून गर्भाशयमुखास लावावयाचें व मिनिटभर थांबावयाचें. बिघडलेला भाग पांढरा दिसूं लागतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं झोपडवस्त्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. निम्म्यांची तपासणी दर दोन वर्षांनीं झाली. ती करणाऱ्या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या व या कामासाठीं तयार केलेल्या होत्या. तपासलेल्या गटांत या रोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी झाले.

आतां धर्माचा प्रश्न. इस्लामांत औषधोपचार निषिद्ध नाहीं. रोगावर उपाय असतो, तो करावा, अशीच पैगंबरसाहेबांची शिकवण परंपरेनें सांगितली जाते. त्यांच्या काळीं मदिनेंत जखमींची शुश्रूषा करणारी रुफैदा ही स्त्रीच होती, असेंही परंपरा सांगते. स्त्रीनें स्त्रीकडून तपासून घ्यावें आणि तशी सोय नसल्यास गरजेपुरतें पुरुष वैद्याकडूनही घ्यावें, अशी मुभा धर्मशास्त्री देतात. तेव्हां अडचण श्रद्धेची नाहीं. तपासणारी बाई असेल काय, आडोसा असेल काय, आपल्या बोलींत कोणी समजावून सांगेल काय, आणि तेवढा वेळ घर कोण सांभाळील, हे खरे प्रश्न आहेत. ते मुसलमान घरांपुरतेच नाहींत, आपल्याही घरांतले आहेत.

त्यांचीं उत्तरें आधीं मिळवितां येतात. सरकारी कार्यक्रमांत २०१६ सालापासून ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठीं मुख, स्तन व गर्भाशयमुख या तिन्ही कर्करोगांच्या तपासणीची योजना आहे. आरोग्य केंद्रांत आधीं चौकशी करावी. स्त्री-डॉक्टर वा परिचारिका कोणत्या दिवशीं असते, तें विचारावें. सोबत आई, बहीण अथवा शेजारीण न्यावी. पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झालाच असें नव्हे. पुढील तपासणी व बहुधा छोटासा उपचार पुरतो.

पतीनें किंवा सासूनें आपण होऊन “उद्यां जाऊन ये, घराचें आम्ही पाहतों” एवढें म्हटलें, तर निम्मा अडथळा तेथेंच दूर होतो. शेजारच्या घरींही हा निरोप पोंचवावा. लाज राखूनही जीव राखतां येतो. त्यासाठीं वेळेवर निघावें मात्र लागतें.