राखणदाराचे पोट उष्ट्यावर भागत नाही

छावणीचा गुरुवारचा बाजार तुमच्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. तिथे बैल घेताना आपण दात बघतो, खांदा बघतो, दहा पावले चालवून बघतो. शेळीच्या पाठीवर हात फिरवून मांस किती भरले आहे त्याचा अंदाज घेतो. जनावर घरी आले की त्याची पेंड, त्याचा कडबा, गाभण असेल तर जादा खुराक, सगळे ठरलेले असते. पण शेतवस्तीवर रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याला काय घालता, असे विचारले तर उत्तर एकच मिळते, "उरलंसुरलं खातंय की! त्याला काय वेगळं करायचं?"

या उरल्यासुरल्याबद्दलच आज बोलायचे आहे. वैजापूर, कन्नड, खुलताबादकडच्या वस्त्यांवर कुत्रा हौसेचा नसतो. मक्यात रानडुक्कर शिरले, गोठ्याच्या मागे बिबट्या आला, की पहिली खबर तोच देतो. मेंढपाळाचा कुत्रा तर दिवसभर कळपाबरोबर चालतो आणि रात्री वाड्याभोवती जागतो. हे काम आहे. सालगड्याला आपण उष्टे वाढत नाही. मग या दुसऱ्या गड्याचाही थोडा हिशेब मांडायला हरकत नसावी.

आधी वजन करा. कुत्रा काट्यावर उभा राहत नाही, ही अडचण खरी. त्याला कडेवर घेऊन धान्याच्या काट्यावर उभे राहा, मग एकट्याचे वजन करा, वजाबाकी म्हणजे कुत्रा. समजा तो २० किलोचा भरला. असा कुत्रा दिवसभर सावलीत बांधलेला असेल तर त्याला रोज साधारण ९०० ते १,००० कॅलरी पुरतात. तोच कुत्रा मेंढरांमागे दिवसभर चालत असेल किंवा रात्रभर बांध पालथे घालत असेल, तर त्याची गरज दीडपट होते, कधी दुप्पटही. अलास्कात बर्फावर गाड्या ओढणारी कुत्री लांब पल्ल्याच्या शर्यतीत दिवसाला १०,००० कॅलरीच्या आसपास खर्च करतात आणि त्यातला मोठा वाटा चरबीतून भरून काढतात. आपल्याकडच्या कामाला एवढे नको. पण सूत्र तेच आहे. लांब पल्ल्याच्या कामाला जळण म्हणून चरबी लागते, झिजलेले अंग भरून काढायला प्रथिने लागतात आणि बाकीचे पोट धान्याने भरते.

भाकरी वाईट नाही, पण एकटी पुरत नाही

शहरातली काही मंडळी सांगतात की कुत्रा लांडग्याच्या वंशातला, त्याला धान्य चालतच नाही, फक्त मांस घाला. हे काही खरे नाही. माणसाच्या संगतीत हजारो वर्षे राहून कुत्रा पिष्ट पचवायला शिकला आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या पाचकरसाची जनुके लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत. म्हणजे आपल्या आजीने घातलेला ज्वारीच्या भाकरीचा काला कुत्र्याला पचत होता, ही गोष्ट शास्त्रालाही मान्य आहे. अट एवढीच की धान्य नीट शिजलेले हवे.

अडचण वेगळीच आहे. ७५ ते ८० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर तिच्यात सुमारे २६० कॅलरी आणि जेमतेम ८ ग्रॅम प्रथिने असतात. चार भाकऱ्यांत पोट भरते, कॅलरीही हजाराच्या वर जातात, पण चरबी नावालाच असते, कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हा घटक कमी पडतो. बसून राहणाऱ्या कुत्र्याचे यावर कसेबसे निभते. राबणाऱ्या कुत्र्याचे मागचे पुठ्ठे आधी उतरतात, मग केस राठ होतात आणि जखम लवकर भरत नाही. मालक म्हणतो, म्हातारा झाला. वय विचारावे तर पाच वर्षे!

तेव्हा काम करणाऱ्या २० किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाचा ढोबळ बेत असा ठेवा. तीन भाकऱ्या, दोन उकडलेली अंडी, दीडशे ग्रॅम शिजवलेली कोंबडी (हाडे काढून, कातडी ठेवून), वाटीभर घट्ट वरण आणि वरून दोन लहान चमचे तेल. हे मिळून चौदाशे-साडेचौदाशे कॅलरी होतात आणि प्रथिने ७५ ते ८० ग्रॅमपर्यंत जातात. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफले उकळून, वाळवून, अगदी बारीक वाटून रोज अर्धा लहान चमचा मिसळा. टरफल फुकटचे आहे, आपण ते उकिरड्यावर टाकतो. कोंबडीवाल्याकडे मान, कातडी, काळीज स्वस्तात मिळते तेही चालेल, मात्र शिजवून. मानेतले हाड काढायला विसरू नका. शिजलेले हाड काचेसारखे फुटते आणि आतड्यात टोचते.

माळकऱ्याच्या घरात अंडेही शिजत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी आपले सोयाबीन आहे. अर्धी वाटी सोयाबीन रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरमध्ये मऊ शिजवावे. त्यातून १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. कच्चे किंवा नुसते भिजवलेले सोयाबीन मात्र घालू नये, कारण त्यात प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो आणि तो शिजवल्यावरच जातो. जोडीला वाटीभर दही द्या. मोठ्या कुत्र्याला दुधाने अनेकदा ढाळ लागते, दही किंवा ताक त्यापेक्षा सोसते.

हा बेत एकदम सुरू करू नका. आठ दिवसांत हळूहळू जुने कमी करून नवे वाढवा. मग बरगडीवर हात ठेवून बघा. न दाबता बरगड्या हाताला लागल्या आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली तर ठीक आहे. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर एक भाकरी कमी करा, मांस-अंडी नको. करवानी किंवा मुधोळ जातीच्या लांब पायांच्या कुत्र्याला मात्र हे माप थोडे वेगळे लावावे. त्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतातच, अंगकाठीच तशी आहे. पाहुण्यांनी "फार वाळलाय हो" म्हटले म्हणून त्याला तूप-पोळी घालून गुबगुबीत करू नका. धावणाऱ्या जातीच्या सांध्यांवर चरबीचा भार म्हणजे बैलाच्या मानेवर दुसरे जू.

उपाशी कुत्रा जास्त जागतो का?

गावोगाव हा समज ऐकायला मिळतो. पोट भरले की कुत्रा झोपतो, म्हणून रात्रीचे घालायचे नाही. यात अर्धेच तथ्य आहे. तट्ट भरलेल्या पोटाने कोणीही सुस्तावतो. पण उपाशी कुत्रा राखण सोडून गावात उकिरडे हुंगत फिरतो, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतो आणि वस्तीपासून लांब गेला की बिबट्याला आयता सापडतो. मुख्य जेवण चार-साडेचारला द्या म्हणजे राखणीची वेळ होईपर्यंत तीन-चार तास मिळतात. सकाळी काम आटोपून आला की थोडा विसावू द्या, मग उरलेला तिसरा हिस्सा द्या. खोल छातीच्या कुत्र्याने गच्च पोटाने पळापळ केली तर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. पोट ढोलासारखे फुगले, ओकारी येते पण काही पडत नाही, अशी लक्षणे दिसली की घरगुती काढे करत बसू नका. १९६२ ला फोन लावा किंवा थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

उन्हाळ्यात पाण्याचे भांडे सावलीत आणि दोन ठिकाणी हवे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो आणि त्यात पाणी बरेच जाते.

तयार खाद्याची पिशवी आता तालुक्याच्या दुकानातही मिळते. ज्याला स्वयंपाक जमत नाही त्याने ती जरूर घ्यावी, पण कुत्र्याचे चित्र बघून नको. मागे छापलेले वाचा. मोठ्या कुत्र्यासाठी प्रथिने निदान १८ टक्के हवीत, पिलासाठी २२ टक्क्यांच्या वर. राबणाऱ्या कुत्र्यासाठी २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि १५ टक्क्यांच्या पुढे चरबी असलेले खाद्य निवडा. तारीख बघा. उघड्या पोत्यातून सुटे विकतात ते घेऊ नका, त्यातली चरबी खवट झालेली असते.

गोठ्यातले काही कुत्र्याच्या पातेल्यात जाता कामा नये. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. बैल-म्हशीच्या पोटाला ते बऱ्यापैकी सोसते, कुत्र्याच्या हृदयाला सोसत नाही. तयार पशुखाद्यात काही वेळा युरिया मिसळलेला असतो, तोही रवंथ करणाऱ्यांसाठीच. कांद्याचेही तसेच. किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडायला पुरतो, आणि रोज थोडा थोडा रस्सा घातला तरी परिणाम साठत जातो. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करतात. चॉकलेट आणि चहात बुडवलेली बिस्किटेही नकोत.

काळा पडलेला मका

सिल्लोड, फुलंब्री, कन्नड भागात मका मोठा. परतीचा पाऊस काढणीत सापडला की कणसे काळी पडतात, हिरवट-पिवळी बुरशी येते. चांगला माल व्यापाऱ्याला जातो आणि काळा निवडून कुत्र्या-कोंबड्यांसाठी बाजूला पडतो. हे सगळ्यात धोक्याचे. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृतावर जाते आणि कुत्रा त्याला फारच हळवा आहे. भाजून किंवा शिजवून ते जात नाही. अमेरिकेत २००५ च्या अखेरीस तयार खाद्यात असा मका गेला आणि शंभरावर कुत्री दगावली.

आपल्या शेजारचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांत काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला. भिजलेला मका गोरगरिबांनी तसाच साठवला आणि खाल्ला. सुमारे ४०० माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले, शंभराहून अधिक माणसे गेली. त्याच घरांतल्या कुत्र्यांनाही तीच कावीळ झाली होती आणि तीही मेली, कारण माणसाचा आणि कुत्र्याचा मका एकाच कणगीतला होता. म्हणून कुत्र्याने एकाएकी खाणे टाकले, डोळे-हिरड्या पिवळ्या दिसल्या, तर त्याच्या पातेल्याबरोबर घरातले पीठही तपासा. मका १२ ते १३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच साठवा. बुरशीचा माल कोणालाही न घालता पुरून टाका. शेंगदाणा पेंडीलाही हेच लागू आहे.

मटणाच्या दुकानामागचा घोळका

हा भाग ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींनी विशेष वाचावा. गावात बकरे किंवा मेंढी कापली की फोपसा, काळीज यांचा खराब भाग कच्चाच कुत्र्यांपुढे टाकतात. त्या फोपशावर पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याने ती गाठ खाल्ली की त्याच्या आतड्यात चिमुकले पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर, भाजीवर, पाण्यात आणि कुत्र्याच्या केसांवर जातात. गवतातून ती मेंढीच्या पोटात जातात, आणि कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवायला बसलेल्या पोराच्या पोटातही. माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात ही गाठ वर्षानुवर्षे गुपचूप वाढते आणि शेवटी ऑपरेशनपर्यंत पाळी येते. मेंढी एकाच जागी गरगर फिरू लागते तो रोग मेंढपाळांना ठाऊक आहे. तोही कुत्र्यातल्या दुसऱ्या एका पट्टकृमीपासून होतो, कच्ची मुंडी कुत्र्याला टाकल्याने.

मांस घालूच नका असे म्हणणे नाही, वर बेतात आम्हीच ते सांगितले आहे. गाठ दिसलेला अवयव जाळा किंवा निदान हातभर खोल पुरा, आणि चांगला दिसणारा अवयवही अर्धा तास खळखळ उकळूनच घाला. खाटकाच्या दुकानामागे झाकणाचा खड्डा करून घेणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. मेंढपाळांनी आणि मटण खाऊ घालणाऱ्यांनी कुत्र्याला दर तीन महिन्यांनी प्रॅझिक्वांटेल असलेले जंतनाशक वजनानुसार द्यावे, मात्रा पशुवैद्यकाला विचारावी. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा खड्ड्यात पुरा, नाहीतर पडलेले जंत आणि अंडी पुन्हा चरणीच्या गवतातच जातील.